देवघराचं दार आणि जिन्याजवळची खिडकी

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही, आणि आपण लिहावं असं काही आपल्याजवळ आहे असं समजणं मला अजून जरा आगाऊपणाचं वाटतं. आमच्या घरात लिहिलेला कागद म्हणजे रेशनकार्ड, मेंढरांच्या लशीची चिठ्ठी आणि देवाच्या फोटोमागे खोचलेली माझी दहावीची मार्कलिस्ट. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिलाच. त्यातून जे सांगायचं आहे ते ऐकायला कोरडं आहे. इमारतींच्या नकाशांवर एकच गोष्ट दहा ठिकाणी पुन्हा पुन्हा लिहायचं काम आमच्या ऑफिसात कसं कमी झालं, एवढंच. पण त्या कामात माझ्या बहिणीचं पुढचं शिक्षण अडकलं होतं. म्हणून धीर केला आहे. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं.

मी सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला असताना गारखेड्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात दुपारनंतर कामाला लागलो. खाली हार्डवेअरचं दुकान, वर ऑफिस. माणसं मोजकीच. स्वतः सर होते, आणि भाई. भाई म्हणजे आमचे सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन. त्यांनी टी-स्क्वेअर आणि शाईच्या पेनानं काम सुरू केलं होतं, आणि कॉम्प्युटर आल्यावरही ते माऊस पेनासारखाच धरत. जुन्या शहरात राहायचे, पानाचा डबा सोबत असायचा, आणि मराठीत बोलता बोलता कधी हिंदीत जायचे ते त्यांचं त्यांनाही कळायचं नाही.

मला दिलेलं पहिलं काम शहराच्या नावाचं होतं. शहराचं नाव बदललं होतं आणि ऑफिसातल्या सगळ्या चालू फायलींच्या प्रत्येक शीटवर खालच्या कोपऱ्यात पत्ता होता. प्रत्येक शीट उघडायचं, जुनं नाव खोडायचं, नवं टाइप करायचं, शीट बंद करायचं. नवं नाव लांब होतं, चौकटीत मावत नव्हतं, म्हणून अक्षर लहान करायचं. मी मान खाली घालून ते करत होतो. मला वाटत होतं, इंजिनियरिंग म्हणजे हेच असणार.

भाई मागून येऊन उभे राहिले. म्हणाले, "क्या मियाँ, कॉलेजात काय शिकवतात? इंसान बनवतात का झेरॉक्सची मशीन?"

"सरांनी सांगितलंय, भाई."

"हौ, सांगितलंय. मला पण वीस वर्षं झाली, कुणी ना कुणी सांगतंच."

हे काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इमारतीचा नकाशा एक नसतो. वरून बघितल्यासारखा प्लॅन असतो, मधोमध कापल्यासारखा सेक्शन असतो, आणि बाजूला तक्ते असतात. कोणतं दार किती रुंद, कोणती खिडकी किती उंच, टाकीत पाणी किती, कोणती खोली किती मोठी. एखादी खिडकी प्लॅनवर बदलली तर तिच्या तक्त्यातली ओळ बदलावी लागते, सेक्शन बदलावा लागतो, खोलीच्या उजेडाचा हिशोब बदलावा लागतो. हे सगळं हातानं. एक जरी जागा राहिली तर महापालिकेतून फाईल त्रुटी लावून परत येते, आणि परत आलेली फाईल पुन्हा रांगेत सगळ्यात मागे जाते.

त्या वर्षी पाऊस नव्हता. शहरात नळाला पाणी कधी येणार हा प्रश्न एरवीही असतोच, पण त्या वर्षी लोकांच्या बोलण्यात दुसरं काही राहिलंच नव्हतं. आणि तरीही शहर वाढतच होतं. बायपासच्या पलीकडे, करमाडच्या रस्त्याला, जिथं आधी नुसतं माळरान होतं तिथं रो-हाऊसच्या ओळी पडत होत्या. बंगल्याचा मालक यायचा आणि म्हणायचा, "टाकी मोठी करा." पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याची टाकी बघून यायचा आणि म्हणायचा, "अजून मोठी करा." दुष्काळ शेतात काय करतो ते मला माहीत होतं. ड्रॉइंगच्या शीटवर काय करतो ते तिथं कळलं. प्रत्येक मालकाच्या तहानेपायी आम्ही तोच आकडा सात-आठ जागी खोडून पुन्हा लिहीत होतो.

अशात होस्टेलची फाईल आली.

एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं. खालचा मजला होता, तो भरलेला होता. वर एक मजला चढवायचा होता. ज्यांचे आईबाप कामासाठी गाव सोडून फिरत राहतात अशा मुलींसाठी ते होतं. ऊसतोडीवाल्यांच्या, वीटभट्टीवाल्यांच्या आणि आमच्यासारख्या मेंढरंवाल्यांच्या. संस्थेच्या चिटणीस एक वयस्कर बाई होत्या, निवृत्त शिक्षिका. त्या सरांना सांगत होत्या आणि मी शेजारच्या टेबलावर ऐकत होतो: "खाली एक सुद्धा पलंग रिकामा नाही. पुढच्या जूनपर्यंत वरचा मजला उभा राहिला तर नव्या मुली घेता येतील. नाहीतर यंदासारखंच दारातून परत पाठवायचं."

माझी बहीण तेव्हा नववी संपवत होती.

आमचं गाव लासूर स्टेशनपासून आत. पाऊस बरा असला तर आई-आबा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात आणि पावसाळ्याला परत येतात. पाऊस नसला की परत येणं नसतं. त्या वर्षी ते गोदाकाठच्या बाजूला, जिथं कुणाच्या रानात हिरवं उरलं असेल तिथं फिरत होते. बहीण शाळेसाठी गावात आत्याकडे राहायची. आत्यानं स्वच्छ सांगितलं होतं, दहावीपर्यंत ठेवते, पुढं तुमचं तुम्ही बघा. तिचंही काही चूक नव्हतं, तिच्या घरात पाण्याच्या घागरीसुद्धा माणसागणिक वाटलेल्या होत्या. म्हणजे दहावीनंतर बहिणीपुढे दोनच गोष्टी होत्या. मेंढरांमागं जाणं, किंवा हे होस्टेल.

मी ऑफिसात हे कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर आपण काहीतरी मागतोय असं झालं असतं. फक्त भाईंना एकदा चहा पिताना सांगितलं. दुसऱ्या दिवशी होस्टेलची फाईल त्यांनी ढिगाच्या वर काढून ठेवली होती.

फाईल गेली आणि त्रुटी लागून परत आली. चिटणीसबाईंनी मधेच टाकी वाढवली होती, त्यासाठी एक बाथरूम सरकलं होतं, आणि सेक्शनमध्ये जुनीच टाकी राहून गेली होती. दुरुस्त करून पाठवली. पुन्हा परत. यावेळची त्रुटी सरांनी मोठ्यानं वाचली, आणि वाचताना त्यांचा आवाज हळूहळू खाली गेला.

"दारांच्या तक्त्यात देवघराचे दार दर्शविले आहे. सदर देवघर नकाशात दिसून येत नाही. खुलासा करावा."

मग भाई म्हणाले, "या अल्ला, ते त्या ज्योतीनगरच्या बंगल्याचं देवघर."

ते कसं आलं ते सांगतो, कारण अशी चूक आमच्यासारख्या ऑफिसातच होऊ शकते. आमच्याकडे नवी फाईल कोऱ्या शीटवर कधीच सुरू होत नसे. जुनी एखादी फाईल उघडायची, नव्या नावानं सेव्ह करायची आणि त्यातलं जुनं काढून नवं भरायचं. तक्त्याच्या रेघा, चौकटी, टिपा सगळं आयतं मिळायचं. त्यात कुणाच्या तरी बंगल्याची एखादी ओळ राहून जायची. मुलींच्या होस्टेलमध्ये सागवानी, कोरीव, दोन झडपांचं देवघराचं दार आलं ते असं.

सरांनी कपाळाला हात लावला. "पण आपण मोजलं होतं ना? प्लॅनवरची दारं आणि तक्त्यातली दारं बरोबर आली होती."

"बरोबर आली होती, सर," भाई म्हणाले. "दोनदा मोजली मी."

चिटणीसबाईंना फोन करून सांगावं लागलं. त्या आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या, "देवघर नको हो, पोरींना पाणी द्या, देव तेवढ्यावर खूश होईल." आणि मग हसणं थांबवून विचारलं, "जूनचं जमेल ना?" सरांनी हो म्हटलं, पण फोन ठेवल्यावर ते कॅलेंडरची पानं उलटत बसले.

त्या रविवारी मी आई-आबांकडे गेलो. ते पैठणच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या रानात उतरले होते. मेंढरं रानात बसवायची, लेंडीखत शेताला मिळतं, बदल्यात थोडं धान्य आणि विहिरीचं पाणी. शाळेला सुट्टी लागली होती म्हणून बहीणही तिथंच होती. मला लांबून बघून ओरडली, "आई, सायब आले गं! खुर्ची टाक!" खुर्ची नव्हतीच. ज्वारीच्या पोत्यावर बसलो.

"लई वाळलास दादा. शहरात जेवाया घालत नाय का?"

"घालतात. तुझ्यासारखे टोमणे मारून नाही घालत."

"मग अळणीच लागत आसंल."

दिवस मावळतीला आबा मेंढरं घेऊन आले. कोकरं दिवसभर वाघरात असतात, वाघर म्हणजे जाळीचं गोल कुंपण. ती सोडायचं काम बहिणीचं. तिनं जाळी वर केली आणि कोकरं सुटली. एकदम गलका झाला. प्रत्येक कोकरू नेमकं आपल्या आईकडं धावलं आणि ढुसण्या देत प्यायला लागलं. थोड्या वेळानं आवाज कमी झाला. एक कोकरू मात्र मधेच उभं राहून ओरडत होतं.

बहीण म्हणाली, "आबा, काळ्या कानाची आली नाय."

आबा काठी घेऊन परत गेले. पाटाच्या चारीच्या कडंला बाभळीच्या काटेरी फांद्यांत ती अडकली होती. घेऊन आले.

मी हे लहानपणापासून बघितलेलं. पण त्या दिवशी मी बहिणीला विचारलं, "तू मोजत का नाहीस? आल्या-आल्या मोजलं असतं तर आधीच कळलं असतं."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी शहरात जाऊन काहीतरी गमावून आलोय. "मोजून काय कळंल? एक कमी हाय, येवढंच. कोणती, ते कोकरूच सांगतंय. आन् दुसऱ्याची एखादी आपल्यात घुसली आसली तर? मग मोजलं तर बरोबरच येतंय की."

आईनं भाकरी वाढली ती हातातच राहिली. दुसऱ्याची एखादी आपल्यात घुसली तर मोजणी बरोबरच येते. आमच्या होस्टेलमध्ये हेच झालं होतं. देवघराचं दार घुसलं होतं, आणि सरकवलेल्या बाथरूमचं दार तक्त्यात लिहायचं राहिलं असणार. एक जास्त, एक कमी. भाईंनी दोनदा मोजलं आणि दोन्ही वेळा बरोबर आलं.

मी बहिणीला होस्टेलच्या फायलीचं सगळं सांगितलं. देवघरावर ती इतकी हसली की आबांनी वळून बघितलं. मग म्हणाली, "तुमच्या कॉम्पुटरला येवढं बी येत नाय? दार सोडायचं, आन् आपल्या वळीकडं जातंय का बघायचं."

"ते तसं नसतं गं."

"मग कसं आसतंय?"

परतीच्या एसटीत तेच डोक्यात होतं.

कॉलेजात आम्हाला ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला छोट्या आज्ञा लिहून कामं करून घेता येतात हे एका तासाला सांगितलं होतं. त्यावर परीक्षेत प्रश्न नव्हता म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. मी लायब्ररीतून जाडजूड पुस्तक आणलं. इंग्रजी मला जमतं तेवढंच जमतं, एक पान वाचायला बराच वेळ जायचा. पण काय हवंय ते मला ठाऊक होतं. प्लॅनवरच्या प्रत्येक दारानं, प्रत्येक खिडकीनं तक्त्यात जाऊन आपली ओळ शोधायची. ज्याला ओळ सापडली नाही ते लाल व्हायचं. ज्या ओळीला दार सापडलं नाही ती पण लाल व्हायची. बस.

ते कसंबसं लिहून झालं आणि एका दुपारी मी ऑफिसात होस्टेलच्या फायलीवर चालवून बघितलं. सगळा तक्ता लालभडक. एकाही ओळीला दार मिळालं नव्हतं.

भाई खुर्ची सरकवून आले. "ये क्या है, होळी खेळतोस?"

मी शोधत बसलो. चूक आज्ञेत नव्हती. ती प्लॅनमध्ये होती, आणि प्लॅन भाईंनी काढला होता. भाई दार काढायचे ते हातानं काढल्यासारखं. दोन रेघा आणि एक कमान, शेजारी अक्षरं. आपल्याला ते दार दिसतं, कारण आपण दारं बघितलेली आहेत. कॉम्प्युटरला त्यात फक्त दोन रेघा आणि एक कमान दिसते. दारानं आपलं नाव आणि माप अंगावर बाळगलं पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते, पण भाईंनी ती कधी वापरली नव्हती.

हे त्यांना कसं सांगावं मला कळेना. शेवटी म्हणालो, "भाई, तुमची दारं कॉम्प्युटरला दिसत नाहीत."

"मतलब?"

"म्हणजे त्याला ती दारं वाटत नाहीत."

भाई रागावले. खरंच रागावले. "इस हात के दरवाजे आधे शहर में लगे हैं. लोक रोज त्यातून येतात-जातात. आणि याला दिसत नाहीत?"

"आमच्या मेंढरांना पण तसंच करतात, भाई," मी घाबरत घाबरत म्हणालो. "आपली मेंढी आबांना चेहऱ्यावरून ओळखू येते. पण बाजारात दुसऱ्याला कशी कळणार? म्हणून अंगावर रंगाची खूण करतात. तुम्हाला ओळखू येतं. याला खूण लागते."

त्यांनी पानाचा डबा उघडला, बंद केला. मग खुर्ची माझ्या शेजारी ओढून घेतली. "दाखव तुझी खूण."

संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळी दारं-खिडक्या नव्या पद्धतीनं बसवल्या. पुटपुटत होते, पण हात थांबला नाही. एकदा म्हणाले, "हे सगळं मशीन करायला लागलं तर माझं काय काम, सांग." हसत म्हणाले होते, पण मला ते हसण्यावारी नेता आलं नाही.

त्यानंतर पुन्हा चालवून बघितलं. बाथरूमच्या दाराची ओळ खरंच राहिली होती, ती मी गावाहून आल्या-आल्याच भरली होती. तक्ता पांढरा झाला, फक्त दोन जागा लाल राहिल्या. एक होती देवघराची ओळ, जी सरांनी काढायला सांगूनही अजून तिथंच होती. दुसरी होती प्लॅनवरची एक खिडकी. जिन्याला लागून एक कोनाडा होता, तिथं एक छोटी खिडकी. तिची तक्त्यात ओळच नव्हती.

सर येऊन मागे उभे राहिले. थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ही खिडकी कुणी टाकली?"

"मी," भाई म्हणाले. "परवा टाकली. वहाँ एक पलंग बैठता है सर, बरोबर बसतो. लेकिन अंधेरा रहता."

"जिन्याजवळ कोण झोपणार? काढून टाका. पुन्हा तक्ता, सेक्शन, उजेडाचा हिशोब, सगळं बदलत बसावं लागेल. आधीच दोनदा परत आलीय."

सर काही कठोर माणूस नाहीत. आमच्या ऑफिसात चांगल्या गोष्टी अशाच गळायच्या. खिडकी नको म्हणून कुणी काढायचं नाही, ती सगळीकडे पुन्हा लिहायचा कंटाळा म्हणून काढायचे. कितीतरी घरांत हवा, उजेड, एखादी पायरी अशीच राहून गेली असेल.

मी सरांपुढे सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोललो. "सर, लिहायला आता वेळ लागणार नाही."

"म्हणजे?"

मी नुसतं पडताळून बघायचं लिहिलं होतं, पण दार-खिडकी स्वतःचं नाव आणि माप बाळगायला लागल्यावर पुढचं अवघड नव्हतं. प्लॅनवर जे आहे त्यातून तक्ता स्वतःच भरता येणार होता. टाकीचं माप एका जागी लिहायचं, सेक्शनमध्ये आणि पाण्याच्या तक्त्यात ते तिथूनच यायचं. मला दोन-तीन दिवस द्या, म्हणालो. सर म्हणाले, "कॉलेज बुडवून नाही करायचं." आणि जाता जाता म्हणाले, "खिडकी राहू दे."

ते करायला मी सांगितलं होतं त्याहून जास्त दिवस गेले. एकदा सगळ्या खिडक्यांची रुंदी आणि उंची उलटीपालटी झाली आणि होस्टेल फटीफटीच्या किल्ल्यासारखं दिसायला लागलं. पण झालं. चिटणीसबाईंनी शेवटचं म्हणून पुन्हा एकदा टाकी वाढवली, आणि मी तो आकडा एका जागी बदलला. सगळ्या शीटवर तो आपोआप बदललेला बघून भाईंनी मान हलवली. "हौ. हे बरंय."

फाईल गेली. यावेळी त्रुटी आली नाही, मंजुरी आली.

त्यानंतर ऑफिसातलं माझं आयुष्य बदललं असं म्हणणं मोठं होईल, पण थोडं सोपं झालं. मी दिवसाउजेडी खोलीवर जायला लागलो. कॉलेजात सकाळच्या तासाला डुलकी येईनाशी झाली. भाईंना काम उरलं नाही असंही झालं नाही. तक्ते सुटल्यावर ते जिन्यांकडे वळले. जिना हा त्यांचा आवडता विषय होता. म्हाताऱ्या माणसाचा पाय किती उचलतो, घागर घेऊन बाई कशी वळते, हे ते कागदावर पेन्सिलनं काढून मालकांना दाखवायचे आणि मालक ऐकायचे. सर म्हणायचे, इतकी वर्षं या माणसाला मी ओळी लिहायला का बसवलं होतं. भाई म्हणायचे, "आप के पास जबाब है तो मुझे भी बताओ."

बांधकाम सुरू झालं आणि पुन्हा पाऊस कमी झाला. स्लॅबवर ओलसर गोणपाट टाकून त्यावर जपून पाणी मारायचे, टँकर आला नाही तर गवंडी बसून राहायचे. जून जवळ येत होता. बहिणीची दहावीची परीक्षा झाली. ती आई-आबांकडे गेली आणि कोकरं सांभाळायला लागली. आबांशी फोनवर बोलणं झालं तेव्हा ते म्हणाले, "मामा तिला बघाया एक पाव्हणा सांगतोय. मी काय बोललो नाय अजून. जागा मिळाली तर जाऊ दे तिला. नाय मिळाली तर बघू." आबा कमी बोलतात. त्यांच्या "बघू"चा अर्थ मला माहीत होता, आणि त्यात त्यांचा राग नव्हता, लाचारी होती.

होस्टेलचा अर्ज आम्ही भरला होता. त्यात मी ऑफिसचं नाव कुठंच येऊ दिलं नाही. चिटणीसबाई मला नुसत्या चेहऱ्यानं ओळखत होत्या, नात्यानं नाही. तसंच राहावं असं मला वाटलं. पलंग कमी होते आणि अर्ज जास्त, हे मला कळलं होतं.

जून लागला तेव्हा वरचा मजला कसाबसा उभा होता. एके दिवशी सरांनी मला करमाडला रो-हाऊसच्या साइटवर मापं घ्यायला पाठवलं होतं. तिथं मोबाइलला रेंज यायची-जायची. उन्हात टेप धरून मी आणि साइटवरचा सुपरवायझर एकेका प्लॉटची कडा मोजत होतो. परतीला जालना रोडला रिक्षात बसलो तेव्हा फोन एकदम वाजायला लागला. अनोळखी नंबरावरून आलेले बरेच कॉल होते. त्यानंतर भाईंचा मेसेज: "बहन का फोन आया था ऑफिस में. फोन कर, गधे."

मी त्या नंबरावर फोन लावला. होस्टेलच्या वॉर्डनबाईंनी उचलला आणि बहिणीला दिला. मागून पोरींचा गलका येत होता, वाघर उघडल्यासारखा.

"कुठं मेलता दादा? सकाळपस्नं लावतेय."

"साइटवर होतो. काय झालं?"

"काय व्हायचंय? मिळाली जागा. काल सांजच्याला निरोप आला, आन् सकाळीच निघालो. आबा पण आल्ते सोडाया, गेले परत. रडले नायत, पण उगं पायऱ्या मोजल्यासारखं करत व्हते."

रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता.

"दादा, आईक. सगळ्या पोरींनी मधले पलंग धरले. जिन्याजवळचा एकच राह्यला व्हता, कुणी घेईना, लई पावलांचा आवाज येतोय म्हणं. मी घेतला. लहान खिडकी हाय तिथं. उजेड येतोय."

"हो," मी म्हणालो. "येतो."

"तुला कसं ठाव?"

"सांगेन."

"बरं. पण ती लागत नाय नीट. कडी बसत नाय. तुमच्या सायबांना सांग."

मी भाईंना फोन करून कडीचं सांगितलं. ते म्हणाले, उद्या येताना कडीचे स्क्रू बसवायला पेचकस घेऊन येतो, बस माझ्या मागे गाडीवर.